बेटं नकोत, देव दाखव: आत्यासोबत ग्रीस

सोमवार, अथेन्स

ग्रीसला जायचं ठरल्यावर आत्याची अट एकच होती, बेटं नकोत, देव दाखव. आत्या कोल्हापूरला शाळेत इतिहास शिकवायची, आता रिटायर झालीय, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त. त्यामुळे सँटोरिनी, मिकोनोस सगळं कट, आणि दसरा झाल्यावर आम्ही दोघी निघालो. अथेन्सपासून सुरू करून वर ऑलिंपस डोंगरापर्यंत जायचं असा प्लॅन.

आपल्याकडे ग्रीक देव माहीत असतात ते मंत्रिमंडळाच्या खातेवाटपासारखे. झ्यूसकडे आकाश आणि वीज, पोसायडनकडे समुद्र, हेडीसकडे पाताळ, अथीनाकडे बुद्धी आणि युद्ध, अपोलोकडे संगीत आणि भविष्य. वाटणी झाली होती हे खरंच आहे, होमर या कवीच्या इलियड महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात पोसायडन स्वतः सांगतो की आम्हा तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, मला समुद्र आला, हेडीसला अंधार, झ्यूसला आकाश, पण जमीन आणि ऑलिंपस तिघांचं सामाईक. हे सामाईक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे जिथे जिथे गेलो तिथे एका देवाच्या जागेत दुसरा कुणीतरी राहतच होता.

अक्रोपोलिस म्हणजे अथेन्सची देवळांची टेकडी, तिचं तिकीट वेळ ठरवून घ्यावं लागतं, आम्ही दुपारनंतरचा स्लॉट घेतला होता. तिथलं अथीनाचं मोठं देऊळ पार्थेनॉन, त्याबद्दल सगळे लिहितात म्हणून थोडक्यात, बांधायला सुरुवात इ.स.पू. 447, मूर्तीकाम संपलं 432 ला, आत शिल्पकार फिडियसने केलेली अथीनाची सोनं आणि हस्तिदंताची प्रचंड मूर्ती होती ती केव्हाच गेली. 1687 मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा ठेवलेला असताना व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. समोर उभं राहिलं की तो स्फोट अजून दिसतो, दोन्ही टोकं उभी आणि मधे पोकळी.

पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते शेजारच्या एरेक्थिऑनपाशी. सहा बायका डोक्यावर छत घेऊन उभ्या आहेत ना, तेच देऊळ (त्या आता कॉपी आहेत, पाच खऱ्या खालच्या म्युझियममध्ये आणि एक लंडनला). अथेन्स कुणाचं यावरून अथीना आणि पोसायडनची स्पर्धा इथेच झाली असं मानायचे. पोसायडनने त्रिशूळ मारला आणि खडकातून खारं पाणी आलं, अथीनाने ऑलिव्हचं झाड दिलं, अथीना जिंकली. गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग म्हणजे हरलेल्या पोसायडनला अथेन्सच्या लोकांनी हाकललं नाही, याच देवळात त्याची पूजा चालू ठेवली, त्या खाऱ्या पाण्याची विहीर देवळाच्या आत होती आणि पॉसेनियस नावाचा दुसऱ्या शतकातला प्रवासी लिहून ठेवतो की दक्षिणेचा वारा सुटला की त्या विहिरीतून लाटांचा आवाज येतो. उत्तरेकडच्या पोर्चच्या फरशीत एक जागा उघडी ठेवलीय, खाली खडकात खळगे दिसतात, ती त्रिशूळाची खूण. आणि बरोबर त्याच्या वर छतातसुद्धा भोक ठेवलेलं आहे, आकाश दिसेल असं. म्हणजे वार जिथून आला ती वाट बांधकामात मोकळी सोडली. आत्या मान वर खाली करत किती वेळ बघत होती, मागे लाइन लागली तरी हलेना.

बाहेर ऑलिव्हचं झाड आहे ते विसाव्या शतकात लावलेलं. मूळ झाडाबद्दल ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन सैन्याने अक्रोपोलिस जाळली त्यात तेही जळालं, आणि दुसऱ्या दिवशी लोक वर गेले तर बुंध्याला हातभर कोंब फुटलेला. त्याच वर्षी सालामिसच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकलं ते जहाजांवर, म्हणजे पोसायडनच्या हद्दीत. एक देवी जिंकली म्हणून दुसऱ्या देवाशी वैर घेणं या शहराला परवडणारंच नव्हतं.

संध्याकाळी अक्रोपोलिस म्युझियम. सगळ्यात वरच्या मजल्यावर पार्थेनॉनच्या भोवतीचा शिल्पपट्टा मूळ क्रमाने लावलाय, खरे दगड किंचित पिवळट आणि लंडनला असलेल्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या कॉप्या, त्यामुळे काय गेलंय ते लगेच कळतं. पूर्व बाजूला बारा देव बसलेले आहेत आणि त्यांच्या बसण्यात त्यांचा स्वभाव आहे. युद्धाचा देव अॅरिस गुडघ्याला दोन्ही हातांची मिठी मारून मागे रेललाय, त्याला शांत बसवत नाही हे लांबून समजतं. झ्यूसची बायको हेरा त्याच्याकडे वळून चेहऱ्यासमोरचं वस्त्र बाजूला धरतेय. हेफेस्टसच्या काखेखाली काठी आहे कारण तो पायाने अधू. नशेचा देव डायोनिसस बिनधास्त देवांचा निरोप्या हर्मिसच्या अंगावर टेकलाय. पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिसचा दगड खरा आहे, तिथे अपोलो मागे वळून पोसायडनशी काहीतरी बोलतोय, तरणा पोरगा काकाशी बोलतो तसा. मी इथेच जास्त रमले, देवळापेक्षासुद्धा.

मंगळवार, अगोरा आणि म्युझियम

सकाळी लवकर अगोरात गेलो. अगोरा म्हणजे जुनं बाजारपेठेचं आणि राजकारणाचं मैदान, आता सगळं चौथऱ्यांचं आणि झाडांचं. याच्या एका कडेने मेट्रोची जुनी लाइन जाते आणि रुळांच्या कुंपणाला लागून दगडांचा एक कोपरा दिसतो, कुणी ढुंकून बघत नाही. ती बारा देवांची वेदी, इ.स.पू. 522 च्या आसपास बांधलेली, बाकीची सगळी रेल्वेच्या खाली गेलीय. अथेन्सपासूनचं अंतर मोजायचं ते या वेदीपासून, आणि संकटात सापडलेला माणूस इथे येऊन बसला की त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम. बारा कोण याची यादीसुद्धा ठाम नव्हती, कुठे चूल सांभाळणारी हेस्टिया असते तर कुठे तिच्याऐवजी डायोनिसस, कालच्या शिल्पपट्ट्यात डायोनिसस होता आणि हेस्टिया नव्हती. आकडा मात्र पक्का बारा. आम्ही तिथे उभ्या असताना दोन ट्रेन धडधडत गेल्या, आत्याने हात जोडले आणि मग पुढे निघालो.

टेकाडावर हेफेस्टसचं देऊळ. पार्थेनॉनच्याच काळातलं पण जवळजवळ पूर्ण उभं, कारण सातव्या शतकापासून 1834 पर्यंत ते सेंट जॉर्जचं चर्च होतं, वापरात होतं म्हणून वाचलं. हेफेस्टस म्हणजे लोहार देव, भट्टी आणि ऐरण. आणि या टेकाडाच्या आसपास खणताना खरोखर धातुकाम करणाऱ्यांच्या आणि कुंभारांच्या कार्यशाळा सापडल्यात. देऊळ कारागिरांच्या वस्तीतच बांधलं. आत मूर्ती दोन होत्या, हेफेस्टस आणि अथीना, कारण अथीना ही विणकामाची, कुंभारकामाची, एकूणच हातातल्या कौशल्याचीही देवी. बुद्धीची देवी हे आपण पुस्तकातून शिकतो, इथल्या लोकांना ती हात चालवणाऱ्या बुद्धीची होती.

तिथून एरोपॅगस नावाचा खडक दिसतो, अक्रोपोलिसच्या खालीच. अॅरिसने पोसायडनच्या मुलाचा खून केला कारण त्याने अॅरिसच्या मुलीवर हात टाकला होता, आणि देवांनी त्याच्यावर या खडकावर खटला चालवला, सोडलं त्याला. पुढे अथेन्सचं खुनाचं कोर्ट इथेच बसायचं. युद्धाच्या देवाला अथेन्समध्ये फार भक्त नव्हते पण कायद्याची पहिली तारीख त्याच्या नावावर आहे, हे मला आवडलं.

दुपारी नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम. मंगळवारी ते उशिरा उघडतं, लक्षात ठेवा. इथे एका ब्राँझच्या पुतळ्यासमोर आमचा तास गेला. दोन मीटरहून थोडा उंच, पाय फाकून उभा, डावा हात समोर नेम धरल्यासारखा, उजवा मागे काहीतरी फेकायच्या तयारीत. 1926 आणि 1928 मध्ये युबिया बेटाच्या उत्तरेला समुद्रातून तुकड्यांत वर काढलेला, साधारण इ.स.पू. 460 चा. उजव्या हातात काय होतं ते गेलं. वीज असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन, आणि यावर वाद सुरू आहे. बहुतेक जण झ्यूस म्हणतात, कारण तेवढा लांब त्रिशूळ धरला असता तर समोरून बघताना चेहऱ्यावर आडवा आला असता. मी जवळ जाऊन उजव्या हाताची बोटं बघितली, मूठ आवळलेली नाहीये, बोटं सैल आहेत, आत गोल जागा आहे. डोळ्यांच्या जागी खाचा. बाकी शरीर, दाढी, ताकद, दोघा भावांची एकच. सगळा फरक हातातल्या त्या एका वस्तूचा.

आत्या म्हणाली, "अगं, आपल्या टाऊन हॉलमधला आठवतोय का?"

कोल्हापूरच्या लोकांना माहीत असेल, नसेल तर जरूर जा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात उत्खनन झालं त्यात पोसायडनची ब्राँझची छोटीशी मूर्ती सापडली, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, कोकणातल्या बंदरांवर माल उतरायचा आणि घाट चढून वर यायचा, त्यातून आलेली. समुद्राचा देव घाटमाथ्यावर नदीकाठी येऊन राहिला. आत्या दरवर्षी शाळेतल्या पोरांना तो दाखवायला न्यायची, आणि अथेन्समध्ये त्याच्या एवढ्या मोठ्या भावंडासमोर उभी राहून तिचे डोळे भरून आले. मलाही काही सुचेना, मी तिचा हात धरून उभी राहिले.

बुधवार, ब्राउरोन आणि सूनियन

गाडी भाड्याने घेतली. उजव्या बाजूने चालवायचं, पहिला अर्धा तास जपून मग सवय होते.

ब्राउरोन विमानतळापासून लांब नाही पण टूरिस्ट अजिबात नाहीत. आर्टेमिसची जागा. नदीकाठची दलदल, लव्हाळी, बेडूक, आणि मधे काटकोनात उभे थोडे खांब. आर्टेमिस म्हणजे शिकार आणि जंगल एवढंच मला माहीत होतं. इथे कळतं की ती लहान मुलींची देवी होती. अथेन्समधल्या मुली साधारण पाच ते दहा वर्षांच्या असताना इथे येऊन देवीची सेवा करायच्या आणि त्यांना "अस्वलं" म्हणायचे. गोष्ट अशी की एका माणसाळलेल्या अस्वलाने एका मुलीला ओरबाडलं, तिच्या भावांनी ते मारलं, आर्टेमिस चिडली आणि रोगराई आली, मग मुलींनी अस्वल होऊन ते फेडायचं ठरलं. लग्न होऊन घरात बंद होण्याआधी थोडा काळ रानात, केशरी रंगाच्या कपड्यात धावायचं. आणि पुढे याच बायका बाळंतपणात गेल्या तर त्यांचे कपडे इथेच इफिजिनियाला, म्हणजे आर्टेमिसच्या कथेतल्या पुजारणीला, वाहायचे.

छोट्याशा म्युझियममध्ये त्या मुलींचे संगमरवरी पुतळे आहेत. एकीने ओच्यात ससा धरलाय, गाल फुगीर, ओठ किंचित दाबलेले, ससा निसटू नये म्हणून कपड्याची टोकं मुठीत गच्च पकडलीत. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आईबापांनी नवस फेडला असणार. मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमध्ये चुकवू नये अशी जागा ही, पार्थेनॉन चुकला तरी चालेल इतकं मी म्हणेन.

संध्याकाळी सूनियन, अॅटिका म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रांताचं दक्षिण टोक. समुद्रापासून साठेक मीटर उंच कड्यावर पोसायडनचं देऊळ, इ.स.पू. 440 च्या आसपासचं. खांब पांढरेशुभ्र, जवळच्याच खाणीतला दगड. खांबांवरच्या उभ्या खाचा डोरिक म्हणजे साध्या शैलीच्या ग्रीक देवळांत सहसा वीस असतात, इथे सोळाच. आत्याने एका खांबाभोवतीच्या नजरेनेच मोजल्या, दोरी आहे त्यामुळे जवळ जाता येत नाही. एका खांबावर कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे म्हणतात त्यात आम्हाला काही रस नव्हता.

इथला पोसायडन म्हणजे खलाशांची भीती. अथेन्सहून जहाज निघालं की शेवटचं दिसायचं ते हे देऊळ आणि परत येताना पहिलं दिसायचं तेही हेच. होमरच्याच ओडिसीत मेनेलाउस राजाचा सुकाणूवाला याच भूशिरापाशी मरतो. आणि थिसियसचा बाप एजियस, मुलाच्या जहाजाला काळं शीड बघून तो मेला असं समजून इथून उडी मारतो अशी कथा, त्यावरून समोरच्या समुद्राचं एजियन हे नाव पडलं. वारा इतका होता की फोन हातातून सुटेल असं वाटत होतं. आणि खालच्या टेकाडावर अथीनाच्या देवळाचे चौथरे आहेत, म्हणजे इथेही दोघं शेजारीच.

गुरुवार, एलेफसिना

अथेन्सहून वीसेक किलोमीटर. रस्त्याचं नाव अजून पवित्र रस्ता असंच आहे, इएरा ओडोस, पण दोन्ही बाजूंना गॅरेज, टायरची दुकानं, ट्रॅफिक. वाटेत दाफ्नीच्या पुढे खडकात कोनाडे कोरलेले दिसतात, ते प्रेमाची देवी अॅफ्रोडायटीचं छोटं स्थान, लोक यात्रेला जाता जाता तिथे काहीतरी वाहायचे. एलेफसिनात रिफायनरी, जहाजं मोडायचे आणि दुरुस्तीचे यार्ड. आणि मधे डिमीटरचं ते स्थान जिथे जवळजवळ दोन हजार वर्षं लोक येत राहिले.

डिमीटर धान्याची. तिची मुलगी पर्सेफनी फुलं वेचत असताना हेडीसने जमीन फाडून तिला पळवलं. आई शोधत शोधत इथे आली आणि विहिरीपाशी म्हातारीच्या रूपात बसली. ती विहीर आहे, प्रवेशद्वारापाशी, गोल, नीट बसवलेल्या दगडांची, त्यात आता काही नाही पण काठ बसून बसून गुळगुळीत झालाय. आईने धान्य उगवणं बंद केलं, माणसं मरायला लागली, मग झ्यूसला मधे पडावं लागलं. तोवर पर्सेफनीने डाळिंबाचे दाणे खाल्ले होते म्हणून वर्षाचा काही भाग खाली, उरलेला वर. आपण हे हिवाळा-उन्हाळा म्हणून वाचतो, पण ग्रीसमध्ये पेरणी शरद ऋतूत होते आणि हिवाळ्यात रान हिरवं असतं, कडक उन्हाळ्यात सगळं भाजून निघतं, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ती खाली जाते ते उन्हाळ्यात, बी-बियाणं कोठारात असतं तेव्हा. आम्ही गेलो ते दिवस पेरणीच्या आधीचेच, इथली मोठी यात्रासुद्धा याच सुमाराला असायची.

थोडं वर गेलं की खडकात उथळ गुहा, प्लुटोनियन. हेडीसचं दार. मी पाताळाचं दार म्हणजे काहीतरी भयानक असेल अशी कल्पना केली होती, ही तर आठ-दहा माणसं पावसात उभी राहतील एवढी कपार आहे. हेडीसला बारा देवांत जागा नाही, तो ऑलिंपसवर राहत नाही, त्याची देवळं अगदी थोडी, नावसुद्धा लोक घ्यायचे नाहीत, प्लुटोन म्हणायचे म्हणजे संपत्ती देणारा, कारण धान्य आणि धातू दोन्ही खालूनच येतात. मेलेलं माणूस आणि पेरलेलं बी एकाच मालकाच्या ताब्यात. त्या कपारीपासून डिमीटरचं सभागृह चालत एक मिनिटावर आहे. धान्याची देवी आणि मृत्यूचा देव, सासू आणि जावई, भिंतीला भिंत लागून. नकाशावर हे कळलं नसतं.

सभागृहात खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, तिथे गुप्त विधींना हजारो लोक बसायचे. आत काय दाखवलं जायचं ते सांगायला बंदी होती आणि कुणी सांगितलंच नाही. अथेन्सचे नागरिक, गुलाम, बायका, पुढे रोमन सम्राटसुद्धा, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस, सगळ्यांना दीक्षा मिळायची, ग्रीक भाषा समजली आणि हातावर खुनाचं रक्त नसलं म्हणजे झालं. चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती सम्राटाच्या हुकुमाने बंद पडलं.

पण खरंच बंद पडलं का? 1801 मध्ये क्लार्क नावाचा इंग्रज इथे आला तेव्हा खळ्यापाशी एक मोठी दगडी स्त्रीमूर्ती शेणखतात अर्धी पुरलेली होती, डोक्यावर टोपली घेतलेली. गावकरी तिला संत डिमित्रा म्हणायचे, तिच्यामुळे पीक येतं म्हणायचे, सणाला दिवा लावायचे. गावाने विरोध केला तरी त्याने ती नेली, आता केंब्रिजला आहे. वाटेत इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, मूर्ती वाचली. तिची जोडीदारीण इथल्या म्युझियममध्ये आहे, डोक्यावरच्या डब्यावर गव्हाची कणसं कोरलेली, चेहरा घासला गेलाय. आपल्याकडे शेताच्या बांधावरची आसरा कुणी उचलून नेली तर गावाला काय वाटेल ते आठवून मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

परतताना एका टपरीवर डाळिंबं होती. आत्याने एक घेतलं आणि गाडीत बसून सोलून दिलं.

शुक्रवार, डेल्फी

सकाळी निघून लिवाडिया, अराखोवा करत पार्नासस डोंगराच्या कुशीत डेल्फी. अडीच-तीन तास. इथल्या चढाला आत्याचे गुडघे टिकणार नाहीत अशी मला धास्ती होती, पण काठी घेऊन, दर वळणावर थांबत ती पार देवळापर्यंत आली.

झ्यूसने दोन टोकांहून दोन गरुड सोडले ते इथे भेटले म्हणून हे जगाचं केंद्र. अपोलोने इथला अजगर पायथॉन मारला आणि जागा घेतली. पिथिया नावाची पुजारीण तिवईवर बसायची आणि देव तिच्या तोंडून बोलायचा, महिन्याच्या सातव्या दिवशी, हिवाळा सोडून. लिडियाचा राजा क्रीसस विचारतो युद्ध करू का, उत्तर येतं की नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य बुडेल. बुडालं, त्याचंच. देवळाचे सहा खांब परत उभे केलेत, मागे डोंगराच्या तांबूस भिंती आणि खाली ऑलिव्हची झाडं समुद्रापर्यंत.

देवळाखाली एक लांबच लांब भिंत आहे, दगड सरळ रेषेत न कापता एकमेकांत वळणावळणाने बसवलेले. सगळे खांबांचे फोटो काढतात आणि या भिंतीला टेकून पाणी पितात. जवळ गेलात तर पूर्ण दगडावर मुंगीएवढी अक्षरं. शेकडो लेख आहेत आणि बहुतेक गुलामांच्या सुटकेचे. पद्धत अशी, मालक गुलामाला अपोलोला विकायचा, पैसे गुलाम स्वतःच साठवून द्यायचा, आणि देवाची मालमत्ता झाली की त्या माणसाला परत कुणी पकडू शकत नाही. साक्षीदारांची नावं, किंमत, अटी सगळं भिंतीवर, म्हणजे उद्या कुणी दावा केला तर बोट ठेवून दाखवता येईल. अपोलोच्या नावावर संगीत, भविष्य, औषध, धनुष्य एवढं सगळं लिहिलेलं असतं, माणसांना मोकळं करणारा खरेदीदार हे काम कुठल्याच तक्त्यात नसतं.

शनिवार, डेल्फी म्युझियम

सारथ्याचा ब्राँझ पुतळा बघायला सगळे येतात आणि यावंच, त्याच्या पापण्यांचे केस अजून आहेत, धातूच्या बारीक पट्टीचे, एकेक वेगळा. पण मला सांगायचंय डायोनिससचं. हिवाळ्याचे तीन महिने अपोलो उत्तरेला निघून जायचा आणि डेल्फी डायोनिससकडे असायची. संयमाचा देव गेला की नशेचा देव येतो, भांडण नाही, ठरलेली पाळी. देवळाच्या पुढच्या त्रिकोणी माथ्यावर अपोलो आणि मागच्या माथ्यावर डायोनिसस कोरला होता. त्याचा पुतळा म्युझियममध्ये आहे आणि हातात वीणेसारखं वाद्य धरायची पोज आहे, लांब झगा, शांत चेहरा, पाटी वाचली नाही तर अपोलोच वाटतो. प्लुटार्क हा ग्रीक लेखक, जो स्वतः इथे पुजारी होता, लिहितो की हिवाळ्यात डायोनिससच्या भक्त बायका वर पार्नाससवर नाचायला गेल्या आणि हिमवादळात अडकल्या, त्यांना आणायला गेलेल्या लोकांचे अंगरखे गोठून लाकडासारखे कडक झाले होते. गावाने त्या बायकांना वेड्या म्हणून सोडून दिलं नाही, वर जाऊन आणलं.

रविवार, टेम्पी आणि लितोहोरो

लांबचा ड्राइव्ह, लामिया, लारिसा. लारिसानंतर डावीकडे ऑलिंपस आणि उजवीकडे ओसा, दोघांच्या मधून पिनिओस नदी जाते ती टेम्पीची खिंड. नवा हायवे बोगद्यांतून जातो, आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. याच भागात फेब्रुवारी 2023 मध्ये रेल्वेचा भीषण अपघात झाला, 57 जण गेले, त्यात बरीच तरुण मुलं. आम्ही गाडीत थोडा वेळ गप्पच होतो.

खिंडीत चिनारासारखी मोठी झाडं आणि हिरवट पाणी. पायथॉनला मारल्यावर अपोलोला हत्येचं पाप फेडायला इथे यावं लागलं असं मानायचे. दर आठ वर्षांनी डेल्फीहून एक मुलगा यात्रेने इथे यायचा आणि इथल्या लॉरेलची फांदी घेऊन परत जायचा, डेल्फीच्या पिथियन खेळांतल्या विजेत्यांना त्याचे मुकुट. आम्ही काल-आज आलो तोच रस्ता साधारण. आणि खिंड कुणी केली? थेसलीचे लोक म्हणायचे पोसायडनने. हिरोडोटस त्यावर म्हणतो की बरोबरच आहे, भूकंप पोसायडन करतो असं ज्याला वाटतं तो हेच म्हणणार, कारण डोंगर दुभंगलाय तो भूकंपानेच हे मला दिसतंय. समुद्रापासून आत, डोंगरात, पोसायडनचं काम. समुद्र हा त्याच्या हद्दीचा फक्त एक भाग, जमीन हलवणारा हेच त्याचं होमरमधलं नेहमीचं विशेषण.

लितोहोरो ऑलिंपसच्या पायथ्याचं गाव. रात्री राजमासारख्या पण मोठ्या पांढऱ्या बियांची टोमॅटोत शिजवलेली भाजी आणि पाव, आत्या खूश.

सोमवार, ऑलिंपस आणि डिऑन

पहाटे गाडीने प्रिओनियापर्यंत, 1100 मीटर. तिथून आत्या चहा घेत बसली, मी पायवाटेने बीच आणि पाइनच्या रानातून दोन-अडीच तास चढून दुपारच्या आत परत आले. सर्वात उंच शिखर मितिकास 2917 मीटर, तिथे पहिल्यांदा माणूस पोचला तो थेट 2 ऑगस्ट 1913 ला, दोघे स्विस आणि वाट दाखवणारा ख्रिस्तोस काकालोस हा इथलाच शिकारी. शेजारच्या शिखराला झ्यूसचं सिंहासन म्हणतात, पाठ टेकायच्या खुर्चीसारखा सरळ कडा. होमर ओडिसीत म्हणतो की तिथे वारा नाही, पाऊस नाही, बर्फ पडत नाही, नुसता स्वच्छ उजेड. प्रत्यक्षात दहा वाजता समुद्राकडून ढग वर आले आणि अर्ध्या तासात शिखरं गायब. खालून बघणाऱ्याला पाऊस आणि विजा, आणि ढगांच्या वर जे आहे ते त्याला कधी दिसत नाही, तिथे उजेड असणार हे मला एकदम पटलं. झ्यूसचं खरं नाव ढग गोळा करणारा, होमर तेच वापरतो.

दुपारी डिऑन. नावच झ्यूसवरून. सपाट जागा, जिकडे तिकडे पाणी, इसिसच्या देवळात तर पाणीच साचलेलं असतं आणि मूर्तींच्या कॉप्या पाण्यात उभ्या. इजिप्तची इसिस इथे आर्टेमिसच्या जुन्या जागेत आली, बाळंतपणाची देवी म्हणूनच, आणि शेजारी अॅफ्रोडायटीला एक छोटी खोली, तिचं नाव ऑलिंपसच्या पायथ्याची अॅफ्रोडायटी. म्युझियममध्ये पाण्याच्या दाबावर वाजणारं ऑर्गन आहे इ.स.पू. पहिल्या शतकातलं, 1992 मध्ये इथे सापडलं, तांब्याच्या नळ्या ओळीने. ते नक्की बघा.

मॅसिडोनियाचे राजे मोठी मोहीम काढायच्या आधी इथे झ्यूसला बळी द्यायचे. अलेक्झांडर इ.स.पू. 334 मध्ये आशियात उतरायच्या आधी इथेच आला. आठ वर्षांनी तो पंजाबात बियास नदीवर पोचला, सैन्य म्हणालं आता पुढे नाही, आणि परत फिरण्याआधी त्याने नदीकाठी बारा प्रचंड वेद्या बांधल्या, बारा देवांसाठी, बुरुजाएवढ्या उंच असं लिहून ठेवलंय. म्हणजे इथून ऑलिंपसच्या सावलीतून निघालेले देव बियासपर्यंत आले.

"कुठे आहेत गं त्या आता?" आत्याने विचारलं.

"जागा सापडलेली नाही. नदीने पात्र बदललं असेल, वाहून गेल्या असतील."

"मग पुढच्या वर्षी अमृतसर करूया," ती म्हणाली, "नदी तरी बघू." मी तिथेच फोन काढून डिसेंबरच्या गाड्या बघायला लागले, आणि मग थेस्सलोनिकीच्या विमानाला उशीर नको म्हणून निघालो.